विजेच्या खांबाला तोरण

आमच्या गावात पोळ्याचे तोरण विजेच्या दोन खांबांना बांधण्याची पूर्वापार परंपरा होती. या पूर्वापार परंपरेपेक्षा मी वयाने मोठा आहे, हे मला गावात कधी उघडपणे म्हणता आले नाही. गाव फुलसावंगीच्या पुढे आहे. त्याचे नाव मी लिहीत नाही, कारण मला अजून तिथेच राहायचे आहे.

गुरे रानात नेण्यापूर्वी जिथे गोळा करतात त्या मोकळ्या जागेला आमच्याकडे आखर म्हणतात. पोळाही तिथेच भरतो. माझ्या लहानपणी आखरावर एक कडुनिंब होता आणि त्याच्यासमोर एक चिंच. या दोन झाडांमध्ये सुताचा दोर ताणून आंब्याच्या आणि पळसाच्या पानांचे तोरण बांधत असत. मी मॅट्रिकला असताना गावात वीज आली. कडुनिंब तारांच्या आड येत होता, म्हणून तो तोडला. पुढे चिंचही गेली. त्या वर्षी तोरण कुठे बांधावे असा प्रश्न पडला, तेव्हा झाडांच्या जागी आयते उभे असलेले दोन लोखंडी खांब लोकांच्या नजरेस पडले. ज्यांच्यासाठी तोरणाचे झाड तोडले त्यांनीच तोरणाची सोय केली, याचे सर्वांना समाधान वाटले. दहा वर्षांत ही सोय रूढी झाली आणि वीस वर्षांत 'बापजाद्यापासून' चालत आली.

सुताचा दोर मात्र काही काळ टिकला. मग एका पोळ्याला तो पूजेआधीच तुटला आणि तोरण दोन घरांच्या बैलांवर पडले. अपशकुन नेमका कोणाचा, यावर त्या दोन घरांत जे भांडण लागले ते पुढच्या पोळ्यापर्यंत पुरले. शेवटी जाणती माणसे बसली. त्यांच्यापुढे दोर आणि वीज असे दोन विषय होते, त्यांतला दोराचा त्यांनी सोडवला. रोह्यांपासून, म्हणजे नीलगायींपासून, शेत राखण्यासाठी कुंपणाला जी जस्ताची तार लावतात, ती तोरणासाठी वापरायचे ठरले. ती तुटणार नाही, याची सर्वांना खात्री होती. खात्री रास्तच होती.

त्यानंतर डीजे आला. बैलांच्या सणाला डीजे कशाला, हे मला कळलेले नाही. बैलांनाही कळले नसावे. डीजेच्या गाडीवरचे खोके दरवर्षी एका थराने वाढत गेले आणि गाडी खालून जावी म्हणून तोरण दरवर्षी हातभर वर सरकत गेले. होता होता ते विजेच्या तारांच्या इतके जवळ पोहोचले की खालून पाहणाऱ्याला कोणती तार कोणाची हे सांगता येऊ नये. आता एक नवी अडचण उभी राहिली. पूजा झाली की तोरण ओढून तोडायचे असते आणि ते आता कोणाच्याच हाताला लागेना. यावरही उपाय निघाला. तोरणाच्या मधोमध सरकती गाठ मारून तिथून तारेचीच एक शेपटी खाली सोडायची, मानकऱ्याने ती हाताने ओढायची, की तोरण खाली. या युक्तीचे गावाला आजही कौतुक आहे.

तोरण तोडण्याचा हा मान आमच्या घराकडे होता, म्हणजे माझ्या थोरल्या भावाकडे. भाऊ सत्तरीला आलेला. त्याची जोडी सर्वांच्या आधी तोरणाखाली जाऊन उभी राहते; तिची पूजा होईपर्यंत दुसरा कोणीही आपले बैल आत आणत नाही. पूजेला बसायचे म्हणून भाऊ अनवाणी असतो. डाव्या मनगटाला त्याने कासरा गुंडाळलेला असतो आणि उजव्या हाताने तो ती शेपटी ओढतो. पायांखाली पावसाळ्यातली ओली माती असते. मी यवतमाळला एका कॉलेजात उभा जन्म पदार्थविज्ञान शिकवले. शिकवले म्हणण्यापेक्षा फळ्याकडे तोंड करून बोललो, असे म्हणणे अधिक खरे. तरी विजेला वाट करून द्यायची असेल तर माणसाला कसे उभे करावे, असा प्रश्न परीक्षेत आला असता, तर माझ्या भावाची पोळ्याच्या दिवशीची आकृती मी पूर्ण गुणांचे उत्तर म्हणून स्वीकारली असती.

निवृत्तीनंतर मी गावी राहायला आलो. पहिल्याच पोळ्याला आखरावरच्या खांबाशी एक बैल अंग थरथरवून मागे हटला आणि धन्याला फरफटत घेऊन गेला. गावाने निदान केले की बैलाला नजर लागली. मीठ-मिरच्या ओवाळल्या, चुलीत टाकल्या आणि विषय मिटवला. मी तेव्हा सगळे पाहिले, मनात निष्कर्ष काढला आणि घरी येऊन वर्तमानपत्र वाचत बसलो.

दुसऱ्या वर्षी मात्र मला बसवेना. पोळ्याच्या आदल्या दिवशी भाऊ ढाणकीच्या बाजारातून बेगड, घुंगरू आणि नवी झूल घेऊन आला, म्हणजे तो मान सोडणार नव्हता हे उघड होते. मी आखरावर गेलो. आमचा वायरमन खांबावर चढलेला होता. आमचा म्हणजे गावाचा. वीज कंपनीचा त्याच्याशी काही संबंध नाही. कंपनीचा खरा माणूस पाच गावे सांभाळतो, म्हणून हा चढतो, आणि हा चढतो म्हणून खरा माणूस येत नाही.

"मास्तर, मागं सरा थोडं. पक्कड पडन डोक्यावर," तो वरून म्हणाला. मी प्राध्यापक होतो हे गावाला ठाऊक आहे. पण गावाच्या लेखी शिकलेल्या माणसाची उंची मास्तरापाशी संपते.

"लाइन बंद केली आहे का?" मी विचारले.

"बंद कायले करू? मी लाइनीले हात लावून राह्यलो का? मी लाइनीच्या खाली बांधून राह्यलो."

"खांब लोखंडाचा आहे."

"मंग कायचा असन? सरकार चंदनाचा देते का?"

खाली बसलेली मंडळी हसली. मी पुन्हा म्हणालो, "हाताला झटका बसेल."

"रबरी चप्पल आहे ना, मास्तर. तुमीच शिकवलं असन, रबरातून करंट जात नाही."

त्याच्या रबरी चपला खांबाच्या बुंध्याशी, माझ्या पायांजवळ, व्यवस्थित जोडीने ठेवलेल्या होत्या. चढताना पाय घसरतो म्हणून तो त्या नेहमी खाली काढून ठेवतो. मी त्यांच्याकडे बोट दाखवले. त्याने चपलांकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि गाठ मारण्याचे काम पुढे चालू केले. त्या दिवशी कोरडे ऊन होते, त्याला काही झाले नाही. काही न होणे हाच आमच्या गावात सुरक्षिततेचा पुरावा असतो.

मी सायकलवरून विजेच्या उपकेंद्रावर गेलो. तिथल्या ऑपरेटरला मी विनंती केली की उद्या दुपारी तोरणाच्या वेळेपुरती लाइन बंद ठेवावी. त्याने माझे शांतपणे ऐकले. बहुधा तो दुसरे काही करत नव्हता.

"अर्ज आणा," तो म्हणाला. "संगं ग्रामपंचायतीचा ठराव लागन. मंग सायब सही करन."

"पोळा उद्या आहे."

"मंग सोमवारी या."

ठरावासाठी मी सरपंचबाईंच्या यजमानांकडे गेलो. सरपंच बाई आहेत; कारभार यजमान पाहतात आणि बाई तो पाहणाऱ्यांना चहा देतात. यजमान ओट्यावर उद्याच्या भाषणाचा कागद पाठ करत बसले होते.

"लाइन बंद केली तर माइक कायवर चालन, मास्तर?"

"डीजेवाल्यांचा जनरेटर असतो."

"थो डीजेचा. माइक मंदिराच्या प्लगवर आहे. माझं भाषण आहे ना." मग त्यांना माझी कीव आली असावी. "तुमी काळजी नका करू. इतक्या वर्षांत काही झालं का? देवाचं काम आहे."

देवाचे काम लोखंडी खांबावर, जस्ताच्या तारेने, एका चपला काढून ठेवणाऱ्या माणसाकडून करून घेतले, की ते सुरक्षित होते, ही गोष्ट माझ्या विषयाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हती. मी "बरं" म्हणालो. माझ्या आयुष्यातली बहुतेक संभाषणे याच शब्दाने संपली आहेत.

पहाटे पावसाची भुरभुर झाली. उजाडल्यावर मी छत्री आणि टेस्टर घेऊन आखरावर गेलो. तिथे कोणी नव्हते. मी पायांत जाड तळाचे बूट घातले होते. टेस्टरचे टोक मी त्या लोंबत्या शेपटीला लावले, छत्रीच्या सावलीत धरून पाहिले आणि काचेच्या आत तांबूस ठिपका दिसला. मंद होता, पण होता. दुसऱ्यांदा लावला, पुन्हा दिसला. वरचा चिनी मातीचा कप, ज्यावर विजेची तार बसवलेली असते, तो कुठेतरी तडकला असणार; तड्यात पाणी शिरले असणार; तारेतली वीज तिथून खांबात आणि खांबातून तोरणात उतरली असणार. इतके अचूक निदान मी त्या सुन्या आखरावर उभा राहून मोठ्याने बोललो. ऐकायला कोणी नसले की माझे वक्तृत्व चांगले असते.

भाऊ गोठ्यासमोर बैलाची शिंगे रंगवत होता.

"दादा, तोरणाच्या तारेत वीज उतरली आहे."

"तुनं पाह्यली?"

"टेस्टर लागला."

"पुरा लागला का थोडा?"

"थोडा."

"मंग थोडीच असन," भाऊ म्हणाला आणि दुसऱ्या शिंगाकडे वळला.

मी त्याला समजावले. कोरड्या हाताला जे जाणवत नाही ते ओल्या पायांच्या माणसाला खाली पाडू शकते. बैलाच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर मोठे, म्हणून तो माणसाच्याही आधी जातो. गेल्या वर्षी जो बैल मागे हटला तो नजरेने नव्हे. भाऊ ऐकत होता. कुंचला बाजूला ठेवून त्याने विचारले, "हे तुले मागच्या वर्षीच समजलं होतं?"

"हो."

"मंग मागच्या वर्षी काहून नाही बोलला? मी गेलतो ना तिथं. ओढली ना म्या तार."

गाव अडाणी होते म्हणून गप्प होते; मी सर्व जाणून गप्प होतो. तिरस्काराचा मोठा वाटा कोणाला द्यावा, याचा हिशेब मी अनेकदा करतो आणि तो दरवेळी मला न आवडणाऱ्या बाजूला झुकतो.

"आज तरी जाऊ नका," मी म्हणालो.

"मी नाही गेलो तर दुसरा जाईन. तार तेच, माणूस बदलन. त्यानं काय झालं?"

"मग मी सगळ्यांसमोर बोलतो."

"तू?" भाऊ हसला. त्या हसण्यात दुष्टावा नव्हता. "सोताच्या लग्नातल्या फोटूत तू मांगच्या लाइनीत उभा आहेस, बाबू."

दुपारी आखर भरला. बैलांच्या पाठीवर झुली, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरू. डीजेची गाडी एका कोपऱ्यात जमीन हादरवत उभी होती. मी सरपंचबाईंच्या यजमानांजवळ जाऊन माइक मागितला. ते इतके चकित झाले की त्यांनी तो देऊन टाकला. मी म्हणालो, "उपस्थित ग्रामस्थहो, धातूचा खांब हा विजेचा सुवाहक असून, आर्द्रतेमुळे इन्सुलेटरची रोधकता कमी झाल्यास..." इथवर आल्यावर समोरचे चेहरे दिसले आणि वाक्याचे क्रियापद सापडेना. मागून कोणीतरी झडती म्हटली. पोळ्याला एकमेकांना टोचणारी दोन ओळींची जी कवने म्हणतात त्यांना झडत्या म्हणतात. ही ताजी केलेली होती:

"आखरावर तोरण, तोरणाले पान,
शिकल्या मास्तराले तारेत दिसे मसान."

सगळा आखर हसला. यमक बरे होते. यजमानांनी माझ्या हातातून माइक हळूच काढून घेतला आणि "मास्तरांनी आपल्याले मोलाचं मार्गदर्शन केलं" असे म्हणून स्वतःचे भाषण सुरू केले. माझ्या भाषणात व्याकरणाची एकही चूक नव्हती, एवढे समाधान घेऊन मी भावाच्या जोडीशेजारी जाऊन उभा राहिलो.

मानाच्या जोडीला पुकारा झाला. भाऊ अनवाणी निघाला. पूजेचे ताट वहिनींच्या हाती, त्या दोन पावले मागे. शेपटी वाऱ्यावर हलत होती. भाऊ तिच्यापासून दहा पावलांवर आला आणि थांबला. उजव्या बाजूचा पांढरा बैल मान वाकडी करून जागच्या जागी पाय आपटू लागला.

"चल रे, चल," भाऊ मोठ्याने म्हणाला. बैल हलेना.

"काय झालं?" यजमानांनी माइकवरून विचारले.

"बैल पाय टाकत नाही," भाऊ म्हणाला.

वाजंत्री थांबली. डीजेही थांबला. मी भावाच्या अगदी जवळ होतो, म्हणून एवढ्या आखरावर मी एकट्याने पाहिले की भावाच्या मुठीत कासरा आखडून धरलेला आहे, वेसण ताणलेली आहे आणि "चल" म्हणणारा हा माणूस त्याच हाताने बैलाला मागे खेचतो आहे. ज्या जनावराची वेसण त्याने कधी हिसडली नव्हती, त्याच्या नाकाशी लाल रेघ उमटली होती.

"मागच्या साली बी इथंच एक बैल बिथरला होता," गर्दीतून कोणी म्हणाले.

"जनावराले समजते."

"तारेत काही तरी आहे, भाऊ."

ज्यांनी घटकाभरापूर्वी झडतीवर टाळ्या दिल्या होत्या, तेच लोक एकमेकांना मागे ओढत खांबांपासून दूर झाले. यजमानांनी खिशातून फोन काढला आणि उपकेंद्रावर स्वतः बोलले. अर्ज लागला नाही, ठराव लागला नाही, सोमवारही लागला नाही. एक चहा पिऊन व्हावा इतक्यात लाइन बंद झाली. मी टेस्टर लावून पाहिला, ठिपका नव्हता. कंपनीच्या माणसालाही बोलावणे गेले होते. तो मोटारसायकलवरून आला, चढला आणि वरून ओरडून म्हणाला की कप फुटलेला आहे. आमचा वायरमन खाली उभा राहून मान डोलावत होता. हे आपल्याला आधीच ठाऊक होते, असा त्याचा चेहरा होता.

कोणाच्या तरी मांडवाच्या दोन सागाच्या बल्ल्या आणून खांबांपासून दूर रोवल्या. सुताचा दोर आला, पाने नवी लावली, तोरण माणसाच्या हाताला लागेल इतके खाली बांधले. डीजेची गाडी त्याखालून जाईना, म्हणून ती शेतातल्या वाटेने वळसा घालून गेली. भावाने जोडी आणली. बैल मुकाट चालत आला आणि उभा राहिला. तो नेहमीच येत असे. दोर एका हिसक्यात तुटला. कोणाला अपशकुन झाला नाही.

संध्याकाळी आमच्या दारी रांग लागली. माणसे बैलाच्या पाया पडायला येत होती. कोणी नारळ आणला, कोणी पुरणाची पोळी. जिला नजर म्हणतात ती वीज होती, हे सांगायला मी तिथे होतो. पण मला कोणी काही विचारले नाही. झडती म्हणणारा गृहस्थही आला, बैलापुढे वाकला आणि जाताना मला म्हणाला, "मास्तर, शिक्षण एकीकडं आन् जनावराचं ग्यान एकीकडं."

सगळे गेल्यावर मी गोठ्यात गेलो. भाऊ बैलाच्या नाकाला तूप लावत होता.

"दुखलं त्याले," तो म्हणाला.

"दादा, तुम्ही ओढला होता."

"गावात सांगू नको."

"का?"

"तुह्यावर इश्वास ठेवाले त्यायले लाज वाटते," भाऊ म्हणाला. "बैलावर ठेवाले वाटत नाही." मग तुपाची वाटी बाजूला ठेवत, "तू माइक घेतला मात्र. मले नव्हतं वाटलं."

आता आखरावर सागाचे दोन खांब कायमचे रोवलेले आहेत आणि त्यांच्यावर पाटी आहे की हे परिवर्तन वृषभराजाच्या कृपेने झाले. पाटीचा मजकूर माझ्याकडूनच शुद्ध करून घेतला. मी 'वृषभराजाच्या' हा शब्द नीट लिहून दिला.

परवा सकाळी त्याच जुन्या विजेच्या खांबाच्या तणाव्याला, म्हणजे खांब तोलून धरणाऱ्या तिरप्या तारेला, शेजारच्या बाईंनी दोरी बांधून ओल्या साड्या वाळत घातलेल्या दिसल्या. मी बराच वेळ धीर गोळा केला आणि म्हणालो, "वहिनी, या तारेला कपडे बांधू नयेत. वीज उतरू शकते."

त्यांनी हातातले लुगडे पिळून झटकले. "तुमचा बैल रोज इथूनच जाते ना, भाऊजी," त्या म्हणाल्या. "त्यानं तर काही म्हटलं नाही."

मी घरी आलो आणि भावाला सांगितले. भावाने चहाची बशी खाली ठेवली, एक उसासा टाकला आणि खुंटीवरचा कासरा काढला.